मदत हवी आहे – तिसरीतल्या मुलीचं इंग्रजी वाचन

नमस्कार मंडळी, माझी मुलगी मराठी माध्यमात तिसरीला आहे, मराठी अगदी घडाघडा वाचते पण इंग्रजीचं पुस्तक उघडलं की गाडी अडते. आधी वाटायचं येतंय तिला, धडा छान म्हणून दाखवायची, मग एकदा मी चित्रावर हात ठेवला तर हाऊसला हॉर्स म्हणाली, म्हणजे सगळं पाठ होतं! कॅट येतं पण मॅट नाही. परवा विचारते, "आई, सी ए टी जोडलं तर सीएटी व्हायला पाहिजे ना, कॅट कसं?" खरंच आहे तिचं, आपल्याकडे क ला काना का, संपलं, इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं नि आवाज वेगळा. आता रोज पंधरा मिनिटं आवाजांवरूनच शब्द जोडतोय आणि स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरच्या पहिल्या पातळीच्या गोष्टी आधी मराठीत मग इंग्रजीत वाचतो, हे बरं चाललंय. पण बी-डीची अदलाबदल जात नाही आणि द, सेड, वॉज असे शब्द आवाजाने जुळतच नाहीत, ते कसे शिकवायचे? पाठच करून घ्यायचे का? कोणी प्राथमिकचे शिक्षक असतील तर प्लीज सांगा, तिला इंग्रजीची भीती बसायला नकोय.