सांताचं बजेट किती?

आम्ही इंदूरचे, घरी नाताळ नसतो. पण लेकीच्या शाळेत सांता येतो, म्हणून दरवर्षी उशाशी काहीतरी ठेवते. यंदा चिठ्ठीत रिमोटची गाडी आहे, 2,400 रुपयांची! खाली बारीक अक्षरात ‘बाबांना सांगू नको’. दिवाळीचा खर्च आत्ताच निस्तरलाय. तुम्ही किती ठरवता?

– 500च्या वर नाही. राजवाड्याजवळ बघा, घासाघीस होते. सेल वेगळे घ्यावे लागतात हं.

– नेदरलँड्समध्ये संत निकोलसच्या (तिकडचा सांताच म्हणा) भेटी 5 डिसेंबरच्या संध्याकाळी मिळतात, त्यात मुलाच्या नावाच्या आद्याक्षराचं चॉकलेट असतं. तेवढ्यावर भागतंय का बघा!

– चॉकलेट चालणार नाही, दात किडलेत. सासूबाई म्हणतात, अर्धे मी घालते. बाबांना अजून पत्ता नाही.