बातम्यांच्या कॅशिंग सर्व्हरला मशीन कोणतं, ओएस कोणती?

बर्डीवाला:
आमचं छोटं बातम्यांचं पोर्टल आहे, ऑफिस सीताबर्डीला. निकालाच्या दिवशी वाचक तुटून पडले की डेटाबेस मान टाकतो, म्हणून पुढे वार्निश बसवतोय, म्हणजे तयार पानांची प्रत (कॅश) रॅममध्ये ठेवून तीच वाचकांना देणारं सॉफ्टवेअर. समोर दोन पर्याय: जुना रॅक सर्व्हर, दोन झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी ईसीसी (चूक आपोआप दुरुस्त करणारी) रॅम, किंवा नवा मिनी पीसी, ३२ जीबी. माझं मत रॅक सर्व्हर आणि ओएस फ्रीबीएसडी, युनिक्ससारखी फुकट मिळणारी. वार्निश २००६ साली आलं ते नॉर्वेच्या एका दैनिकाच्या साइटसाठीच, आणि लिहिणारा पॉल-हेनिंग काम्प फ्रीबीएसडीचा जुना डेव्हलपर. नेटफ्लिक्सचे कॅश सर्व्हरही फ्रीबीएसडीवरच चालतात.

महालकर:
नेटफ्लिक्सकडे कर्नलमध्ये, म्हणजे ओएसच्या गाभ्यात, हात घालणारी माणसं आहेत भाऊ, तुमच्याकडे कोण आहे? तू गावाला गेला आणि रात्री दोनला सर्व्हर बसला, तर नागपुरात डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) येणारा पोरगा फोनवर सापडतो. फ्रीबीएसडीवाला शोधून दाखव. आणि ६४ जीबी कशाला? ५० हजार बातम्या, कॉम्प्रेस केलेलं पान ४० केबी धर. २ जीबी झाले. फोटो धरूनही ३२ पुरतात.

धंतोली:
मे महिन्याचा विचार केला का? बाहेर ४५ डिग्री, त्यात लाइट गेली की एसी बंद आणि सर्व्हर इन्व्हर्टरवर. आमच्या ऑफिसात रविवारी असंच झालं होतं. सोमवारी कुलूप उघडलं तर खोली भट्टीसारखी, आणि दोन डिस्क गेलेल्या. तो रॅक सर्व्हर दोनशे वॅट सहज खाईल, मिनी पीसी तीस-चाळीस. मी तर डोळे मिटून मिनी पीसी घेईन.

बर्डीवाला:
मिनी पीसीत ईसीसी नाही. रॅममध्ये एक बिट उलटला आणि मतांचा आकडा चुकला, तर कॅश संपेपर्यंत तोच चुकीचा आकडा सगळ्यांना दिसणार. बातमीच्या धंद्यात हे मला चालत नाही.

महालकर:
असं होण्याची शक्यता किती? होम पेज ३० सेकंदांनी ताजं होतं, जुनी बातमी पर्ज करता येते, म्हणजे कॅशमधून काढून टाकता येते. कॅश म्हणजे काही दप्तर नाही, रिस्टार्ट केलं की रिकामी.

खामला:
तुम्ही दोघं मशीनवर भांडता, पण लाइन किती आहे? ऑफिसात १०० एमबीपीएस असेल तर सेकंदाला १२ एमबी. फोटोसकट पान १ एमबीचं, म्हणजे सेकंदाला बारा वाचक. तेराव्याला कोणतीच ओएस वाचवणार नाही. कॅश डेटा सेंटरमध्ये ठेवा, ऑफिसच्या लाइनवरून फक्त कॅशमध्ये न सापडलेली पानं जातील. वार्निशचा ग्रेस मोड (मुदत संपलेलं पानही काही काळ देत राहण्याची सोय) लावला तर ऑफिसची लाइट गेली तरी जुनं पान दिसत राहील.

बर्डीवाला:
लाइनचं गणित मी केलंच नव्हतं, पटलं. पण मग धंतोलीचा उन्हाचा मुद्दा उरत नाही आणि ईसीसी तिथे मिळतेच, ती मी घेणार. रात्री दोनच्या फोनला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. डेबियन टाकतो.