जुन्या रॉकचा आवाज आणि आजची पोरं: नक्कल की तालीम?

मासुंदाकाठ

गेल्या महिन्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाच पोरांचा कार्यक्रम झाला. सगळी सतरा ते वीस वयातली, गिटारवर माझी पुतणी. आधी डीप पर्पल या ब्रिटिश बँडचं 'स्मोक ऑन द वॉटर' झालं, ते १९७२ चं. मग दोन स्वतःची गाणी. ती गाणीही अशी, की डोळे मिटले तर त्याच काळातली रेकॉर्ड वाटावी. खरखरीत गिटार, मागे कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज, आणि ड्रम थोडा सैल, माणसाच्या हाताचा.

कार्यक्रम संपल्यावर आमचे एक शेजारी, जे स्वतः उत्तम तबला वाजवतात, म्हणाले, "हात तयार आहेत, पण ही नक्कल आहे. पन्नास वर्षांपूर्वीचं इंग्लंड आज ठाण्यात कशाला?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन दोन रात्री तेच डोक्यात होतं.

मला ही तालीम वाटते. आपल्याकडे शागीर्द वर्षानुवर्षं गुरूच्या गळ्याने गातो, तेव्हा त्याला कोणी नकलाकार म्हणत नाही. कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचे. मग गिटारवाल्या पोरांना वेगळा न्याय का?

शिवाय ती काय शिकताहेत ते बघा. आज बरीचशी गाणी कॉम्प्युटरवर एकेक थर चढवून होतात, कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, घेऊन. या पाच जणांनी क्लिक बंद ठेवलंय. ड्रमरने ताण दिला की गाणं पुढे सरकतं, गायक थांबला की सगळे थांबतात. एकमेकांचं ऐकल्याशिवाय हे जमत नाही. १९७१ मध्ये लेड झेपलिन या ब्रिटिश बँडने 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'चा ड्रम हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात वाजवला: ड्रम जिन्याच्या तळाशी, माइक वर टांगलेले. त्या गाण्यात तो जिना ऐकू येतो. आमच्या ड्रमरने हे वाचलं, सेक्रेटरींकडून रविवार दुपारची एक तासाची परवानगी काढली आणि ड्रम आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मांडला. रेकॉर्डिंगला फक्त फोन, वरच्या मजल्यावर. पहिल्याच ठोक्याला पूर्ण इमारत घुमली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं, मला वाटलं आता ओरडतील. त्या खुर्ची घेऊन दारात बसल्या आणि शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मी कॉलेजात चार वर्षं बेस वाजवला, पण आवाजाबद्दल इतकं कुतूहल आमच्यात नव्हतं.

ग्रेटा व्हॅन फ्लीट या अमेरिकन बँडवरही हाच आरोप होतो. लेड झेपलिनची कॉपी म्हणून समीक्षकांनी झोडपलं, आणि २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमीही त्यांनाच मिळालं. पण 'लेव्ही ब्रेक्स' तरी मुळात कोणाचं? १९२७ च्या मिसिसिपीच्या पुरावरचं, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये रेकॉर्ड केलेलं ब्लूज गाणं आहे ते. आणि इंग्लंडचं म्हणाल, तर १९७२ मध्ये लेड झेपलिनचे पेज आणि प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले. ते २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आलं. उसनवारी दोन्ही बाजूंनी आहे.

तुम्हाला काय वाटतं?

रंगभवनचा पास

मी तुमच्या शेजाऱ्यांच्या बाजूने.

मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव पाहिलेला मी माणूस. १९८६ ला सुरू झालं ते. तेव्हा बँडने स्वतःचं गाणं सुरू केलं की खालून ओळखीच्या इंग्रजी गाण्यांची फर्माईश यायची. परदेशी गाणी हुबेहूब वाजवणारा तो मोठा, हीच समजूत. त्यातून रॉक मशीन हा बँड बाहेर पडला, स्वतःची गाणी लिहिली, पुढे १९९३ मध्ये नावही इंडस क्रीड केलं. 'आमचं ऐका' हे सांगण्यात त्या पिढीची उमेदीची वर्षं गेली. आणि आज तुम्ही पोरं मागे गेली म्हणून टाळ्या वाजवताय.

कुमारांचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. क्षयाने गाणं बंद पडलं, देवासला राहिले, माळव्यातली लोकगीतं कानावर पडत राहिली, आणि नंतर जे गाणं आलं ते कोणाचंच नव्हतं, त्यांचं होतं. आपण कुमार म्हणतो ते या दुसऱ्या गाण्यासाठी. पहिल्यावरच थांबले असते तर आज कोणी आठवण काढली असती का?

झेपलिनचंही तेच. मूळ 'लेव्ही ब्रेक्स' आणि त्यांचं एकापाठोपाठ ऐका. शब्द पुष्कळसे तेच, पण गाणं ओळखू येत नाही इतकं पालटलंय. तुमच्या पुतणीच्या बँडने त्या सत्तरच्या दशकातल्या आवाजात काय पालटलं, ते सांगा.

सानपाडा लोकल

मला दोन्ही बाजू घरात जागा असलेल्यांच्या वाटतात.

ड्रम सेट, दोन अँप, बेस, गिटार, शिवाय जॅम पॅडचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, तासाचं भाडं. आमच्या चाळवजा इमारतीत ड्रम वाजवला तर पाचव्या मिनिटाला भांडण. माझा धाकटा भाऊ रॅप लिहितो. त्याला फोन आणि एक बीट लागते, बस. रॅपर डिवाइन अंधेरीतून आला, नेझी कुर्ल्यातून, आणि दोघांनी आपापल्या गल्लीबद्दल आपल्या बोलीत सांगितलं. रॉक एके काळी असंच होतं ना? ज्याच्याकडे काही नाही त्याचा आवाज? मग तो आवाज आज इथे रॅपमध्ये आहे. तरुणांनी जुना रॉक वाजवू नये असं माझं म्हणणं नाही. पण त्याला बंडखोरी म्हणू नका. जिन्यात तासभर ड्रम वाजवायची परवानगी मिळणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे, हे तुमच्या लक्षात येतंय का?

खारघरची ड्रमर

मी एकोणीस वर्षांची आहे, मीही अशाच बँडमध्ये वाजवते, म्हणून लिहिते.

रंगभवनवाले काका, आम्हाला ते 'जुनं' वाटतच नाही. फोनवर १९७५ आणि २०२५ एकाच यादीत येतात. केट बुशचं १९८५ चं गाणं एका मालिकेमुळे २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा मी शाळेत होते. ऐकलं, आवडलं, त्यावरून दुसरं ऐकलं, मग तिसरं. गाणं कधीचं आहे ते खूप नंतर कळलं. म्हणून 'मागे गेली' म्हटलं की कळत नाही, कशाच्या मागे?

सानपाडा लोकल, तुमचं पटतं. आम्हीही पैसे पाच जणांत वाटून महिन्यात दोनदाच जॅम पॅड घेतो. बाकीचे दिवस उशीवर वाजवते. पण म्हणून हे आमचं नाही, हे पटत नाही. गंगटोकचा गिरीश अँड द क्रॉनिकल्स हा बँड ऐका. थेट सत्तर-ऐंशीच्या दशकांतला हार्ड रॉक, पण गाणी स्वतःची. सिक्कीमच्या माणसाने हा आवाज का घ्यायचा, असं त्यांना विचाराल का?

आणि खरी अडचण वेगळीच आहे. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये डिसेंबर २०१९ ला यू टू हा बँड येऊन गेला, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. तिथून तीन स्टेशनांवर आम्ही राहतो, आणि शंभर माणसांसमोर वाजवायला आम्हाला जागा मिळत नाही. स्वतःचं गाणं पालटतं ते लोकांसमोर वाजवून. वाजवायचं कुठे?

ऐरोलीची वहिनी

आवाजावरून एवढं बोलणं झालं, पण शब्दांचं कोणीच काढलं नाही. पोरं गातात कोणत्या भाषेत?

माझ्या भाच्याच्या बँडचं गाणं ऐकलं. इंग्रजीत, लांब हायवेवरून एकट्याने गाडी चालवण्याबद्दल. भाचा रोज ठाणे-वाशी लोकलने कॉलेजला जातो. लटकत. त्याबद्दल एक ओळ नाही! आवाज उसना घ्या, गिटार उसनी घ्या, पण ज्यावर गाणं बेततात ते आयुष्य तरी स्वतःचं असू द्या.

मराठी रॉकमध्ये बसत नाही असं म्हणतात, ते मला पटत नाही. मी वीस वर्षं भजनी मंडळात गाते. भजनी ठेका आठ मात्रांचा. भाच्याच्या ड्रमरला म्हटलं, तुझा तो साधा ठेका वाजव, आणि त्यावर तुकोबांचा अभंग म्हटला. पहिल्या ओळीपासून बसला. अभंग रिपोस्टसारखे बँड हेच करताहेत, आणि तरुण मुलं ऐकताहेत. ड्रमर मला म्हणाला, "मामी, हे आम्हाला सुचलंच नव्हतं." का सुचलं नाही, याचा विचार व्हावा.

मासुंदाकाठ

वहिनी, तुमच्या मुद्द्यावर मी हरलो, आणि आनंदाने. पुतणीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती आता कोपरी पुलावरून दिसणाऱ्या रुळांवर मराठीत काहीतरी लिहितेय. तिची अडचण अशी: रॉकचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, आणि मराठीत तिथे नेमका 'ला' किंवा 'ने' येऊन बसतो, मग ओळ पोकळ वाटते. पण ओळीच्या शेवटी 'खाडी', 'वारा' असा शब्द आला की दीर्घ स्वर हवा तेवढा लांबवता येतो, त्यात तिला इंग्रजीपेक्षा जास्त मोकळीक वाटतेय. ठेका मागे-पुढे सरकवून बघताहेत.

सानपाडा लोकल, परवानगीचं तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. मी ते गृहीतच धरलं होतं.

रंगभवनचा पास, तुमच्याशी मात्र सहमत नाही. कुमारांचं दुसरं गाणं पहिल्याशिवाय आलं नसतं. ही पोरं सतरा ते वीसची आहेत. त्या जुन्या आवाजात काय पालटलं हे त्यांना आजच विचारायची घाई मला करायची नाही.

रंगभवनचा पास

घाई मीही करत नाही, पण कोणीतरी विचारत राहायला हवं. आम्हाला तेव्हा कोणी विचारलं नाही, आणि माझ्या ओळखीतले तीन उत्तम गिटारवाले चाळिशीतही तीच दहा गाणी वाजवत राहिले. कोपरी पुलाचं गाणं झालं की इथे कळवा. ऐकायला येईन.

खारघरची ड्रमर

काका, एक विचारायचं होतं. जिन्यात फोन कितव्या मजल्यावर ठेवला होता?

मासुंदाकाठ

चौथ्या. आधी दुसऱ्यावर ठेवला होता, तिथे सिंबल कानाला फार टोचत होते आणि किक, म्हणजे पायाने वाजवायचा ड्रम, ऐकूच येत नव्हता. चौथ्यावर दोन्ही जुळले. कठड्यावर जाड टॉवेल टाक आणि लिफ्ट तेवढा वेळ बंद ठेवायला सांग, तिची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते.