ओढून टाकलेले फोटो बाकीच्या फॉर्मसोबत एकत्र सबमिट कसे करायचे?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. नागपुरात संत्रा उत्पादकांच्या एका संस्थेसाठी फळगळीच्या नोंदीचा फॉर्म बनवतोय. काटोल-नरखेडकडचे शेतकरी गळलेल्या फळांचे फोटो आणि सातबारा व्हॉट्सॲपवर पाठवतात. सीताबर्डीच्या ऑफिसातल्या ताई ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतात आणि नाव, गट नंबर, झाडांची संख्या भरून जोडतात. दर वेळी बटण दाबून फोल्डर शोधण्यात त्यांचा फार वेळ जातो, म्हणून ड्रॅग-अँड-ड्रॉप (फाइल माउसने ओढून पानावर टाकायची सोय) द्यायचंय.

आधी ड्रॉपझोन ही तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी लावली. ते फाइल पडताक्षणी वेगळ्या रिक्वेस्टने पाठवून देतं, फॉर्म मागाहून येतो. मग कोणता फोटो कोणत्या शेतकऱ्याचा हे जुळवत बसा, आणि मधेच टॅब बंद झाला तर फोटो बेवारस. ऑटोप्रोसेसक्यू (फाइल आपोआप पाठवण्याची सेटिंग) फॉल्स करून साधं सबमिट केलं, तर सर्व्हरवरच्या पीएचपी कोडमध्ये फाइल्सचा ॲरे (यादी) रिकामा.

म्हणून ते काढून ड्रॉप इव्हेंटमधली (फाइल सोडल्यावर ब्राउझर देतो ती) यादी सरळ फाइल इनपुटच्या, म्हणजे फाइल निवडायच्या बटणाच्या, फाइल्स प्रॉपर्टीला दिली. हे चाललं, सगळं एकाच पोस्टमध्ये येतं! पण आधी फोटो टाकले आणि नंतर सातबारा ओढून आणला की फोटो गायब, सातबारा तेवढा उरतो. त्या यादीत पुश करून नवी फाइल जोडताही येत नाही.

शेतकरी मोबाइलवरून हाच फॉर्म साध्या बटणाने भरतात आणि ते नीट चाललंय, त्यामुळे सर्व्हरकडचा कोड बदलायचा नाही. जुन्या फाइल्स राखून नव्या कशा जोडू? चुकून आलेली फाइल काढताही यायला हवी.

प्रतिसाद

भाऊ, दिशा बरोबर आहे. ड्रॉपझोन फाइल्स स्वतःच्या रांगेत ठेवतं, त्यामुळे साध्या सबमिटला त्या दिसतच नाहीत. फाइललिस्ट, म्हणजे इनपुटमधली ती यादी, फक्त वाचता येते, पण ब्राउझरचाच नवा डेटाट्रान्सफर ऑब्जेक्ट घेऊन नवी यादी बांधता येते. फाइल्स स्वतःच्या ॲरेत साठवा, ड्रॉप आणि इनपुटचा चेंज (बटणाने फाइल निवडणं) या दोन्ही वेळी त्यात भर घाला. मग डेटाट्रान्सफरच्या आयटम्स डॉट ॲडने सगळ्या चढवून ती यादी इनपुटला द्या. एखादी काढायची तर ॲरेतून काढून यादी पुन्हा बांधा. एकाहून जास्त फाइल्स याव्यात म्हणून इनपुटला मल्टिपल आणि त्याच्या नावामागे चौकोनी कंस असू द्या.

ड्रॅगओव्हर (फाइल पानावरून ओढताना) आणि ड्रॉप दोन्हींत ब्राउझरची नेहमीची कृती थांबवणारं प्रिव्हेंटडीफॉल्ट हवंच. ते अख्ख्या पानालाच लावा. फोटो टाकायच्या चौकोनाबाहेर पडला तर ब्राउझर तोच उघडेल आणि ताईंनी भरलेलं सगळं जाऊ शकतं.

आता फोटो साठत जाणार, तेव्हा पीएचपीची मर्यादा आजच बघा. मुळात एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण पोस्टला ८ एमबी असते. पोस्टची ओलांडली की फाइल्सच नव्हे, शेतकऱ्याचं नावसुद्धा सर्व्हरला मिळत नाही.

धागाकर्ता

जमलं भाऊ, मनापासून धन्यवाद! सातबारा आणि फोटो आता एकत्र येताहेत. तीच फाइल पुन्हा ओढली तर दोनदा जोडली जात होती, म्हणून नाव, आकार आणि लास्टमॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) ताडून ती गाळतोय. पोस्टची मर्यादा वाढवायला होस्टिंगवाल्यांना सांगितलंय.