मदत हवी आहे: विंडोज ११ टीपीएमवर अडतंय, आणि डेस्कटॉप क्लाउडवर जायला नको

घाईत_आहे:
लॅपटॉपवर १० आहे, ११ टाकायचंय. तपासणीत 'टीपीएम २.० हवं' (टीपीएम म्हणजे सुरक्षेची चिप) असं येतं आणि गाडी तिथेच अडते. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. शिवाय डेस्कटॉपवर पक्षकारांचे कागद आहेत, ते वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) अजिबात जायला नकोत. उद्यापर्यंत हवंय.

जुनंखोड:
प्रोसेसर कोणता? विंडोज + आर दाबून 'एमएसइन्फो३२' टाका, 'बायोस मोड' समोर काय लिहिलंय?

घाईत_आहे:
आय५. विंडोज ओरिजिनल आहे.

जुनंखोड:
आय५ २००९ पासून येतायत हो! पुढचा आकडा द्या. ७२००यू असेल तर ११ च्या प्रोसेसर यादीतच नाही, ८२५०यू असेल तर चालेल.

पेंग्विनप्रेमी:
विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाका. टीपीएमची कटकट नाही, वनड्राइव्हही नाही. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता) चालवून बघा.

तिरकस:
आलेच! त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

घाईत_आहे:
८२५०यू. बायोस मोड लीगसी.

जुनंखोड:
मग टीपीएम बहुतेक आहे, नुसतं बंद आहे. लीगसी म्हणजे बूटची जुनी पद्धत, ती बदलून नवी यूईएफआय करायची. क्रम चुकवू नका. आधी एक्स्टर्नल डिस्कवर बॅकअप. मग अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस' (डिस्कची जुनी एमबीआर मांडणी नव्या जीपीटीत नेता येईल का, याची तपासणी). पास झालं तरच 'व्हॅलिडेट'च्या जागी 'कन्व्हर्ट'. त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या बूटची सोय) बंद; यूईएफआय, सिक्युअर बूट आणि इंटेल पीटीटी (इंटेलचं टीपीएम) चालू. डिस्क एमबीआर असताना आधीच यूईएफआय केलंत तर विंडोज बूटच होणार नाही.

मधलीओळ:
बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर आधी सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा.

वनड्राइव्हचं: डेस्कटॉपवरच्या कुठल्याही फाइलचं 'प्रॉपर्टीज' उघडून लोकेशन बघा. त्यात 'वनड्राइव्ह' शब्द असेल तर कागद केव्हाच क्लाउडवर गेलेत. तसं असेल तर आधी फाइलवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस'. भरीव हिरवा गोल दिसेपर्यंत थांबा. मग वनड्राइव्हच्या सेटिंगमधल्या 'मॅनेज बॅकअप'मध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स बंद करा. डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात. तिथून कट करून बाहेर आणा. शेवटी वेबवरचा रिसायकल बिनही रिकामा करा, वैयक्तिक खात्यात डिलीट केलेलं तिथे ३० दिवस पडून असतं.

निवांत:
वर सगळं एन्क्रिप्टेडच असतं की. एवढं काय?

मधलीओळ:
किल्ली त्यांच्याकडे असते, हाच तर मुद्दा. वर ठेवायचंच असेल तर क्रिप्टोमेटरमध्ये (आपल्याच किल्लीने फाइली कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर) गुंडाळून ठेवा.

तिरकस:
त्याच कामाचं व्हेराक्रिप्ट जास्त मुरलेलं आहे.

मधलीओळ:
डिस्कसाठी, हो. पण त्याच्या कंटेनरची (सगळ्या फाइली मावणाऱ्या एका मोठ्या फाइलची) तारीख ते मुद्दाम बदलत नाही, त्यामुळे बदल झाल्याचं सिंकला कळेलच असं नाही. ती सेटिंग कोण शोधत बसणार? क्रिप्टोमेटर एकेक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतं.

निवांत:
अवांतर: हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका, मशीन पळेल.

घाईत_आहे:
व्हॅलिडेट फेल!

जुनंखोड:
पार्टिशन किती आहेत? तीनपेक्षा जास्त प्रायमरी चालत नाहीत.

घाईत_आहे:
चार. रिकव्हरी लिहिलेलं उडवू का?

जुनंखोड:
थांबा! आधी डिस्क मॅनेजमेंटचा स्क्रीनशॉट टाका. आणि बॅकअप झाला का, ते अजून सांगितलं नाहीत.