मदत हवी आहे: लॅपटॉप चोरीला गेला, बिटलॉकर आहे, तरी पाहुण्यांची आधारकार्डं उघडतील का?

तारकर्लीची_सून: काल रात्री होमस्टेच्या पडवीतून लॅपटॉप गेला. 3 वर्षांच्या पाहुण्यांची आधारकार्डं, काही परदेशी पासपोर्टच्या प्रती त्यात आहेत. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू आहे. चोराला उघडता येईल का? हो की नाही एवढंच सांगा, 12 वाजता पाहुणे येतायत.

कुडाळ_रिपेअर: ताई, एवढ्यावरून नाही सांगता येत. विंडोज होम की प्रो? मशीन चालू करताना विंडोज यायच्या आधी पिन मागायचं का? आणि गेला तेव्हा बंद होता की नुसतं झाकण मिटलेलं?

तारकर्लीची_सून: होम. पिन विंडोजचाच, 4 आकडी. झाकण मिटलं होतं. म्हणजे बंदच ना?

कुडाळ_रिपेअर: नाही हो. झाकण मिटलं की तो झोपतो. मेमरीला वीज मिळत राहते आणि डिस्कची किल्ली तिथेच पडून असते.

अथांग_दापोली: मी केव्हापासून सांगतोय, व्हेराक्रिप्ट वापरा, तेही डिस्कला कुलूप घालणारं सॉफ्टवेअर. त्याच्या आधीचं ट्रूक्रिप्ट 2014 ला बंद पडलं तेव्हाच मी त्यावर गेलो, एकदाही त्रास नाही.

कुडाळ_रिपेअर: गेलेल्या लॅपटॉपवर आता काय टाकणार? आणि डिस्क उघडी असताना व्हेराक्रिप्टचीही किल्ली मेमरीतच असते. 2008 ला प्रिन्स्टनच्या लोकांनी मेमरीवर धूळ उडवायच्या हवेचा डबा उलटा धरून फवारला, ती गार केली आणि वीज तोडल्यावरही किल्ल्या वाचून दाखवल्या.

अथांग_दापोली: ते प्रयोगशाळेत. आपल्याकडचा भुरटा चोर विंडोज उडवून दोन-चार हजारांत विकतो.

कुडाळ_रिपेअर: भुरटा विकतो, पण घेणारा कोण ते कुठे माहीत आहे? होममध्ये विंडोजच्या आधीचा पिन नसल्याने टीपीएम, म्हणजे किल्ली सांभाळणारी चिप, आपणहून किल्ली सोडतो, मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं तरी. 2024 ला एका संशोधकाने जुन्या लॅपटॉपच्या बोर्डाला रास्पबेरी पाय पिको हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड लावून 43 सेकंदांत ती किल्ली टिपली. टीपीएमची चिप वेगळी असेल तरच हे जमतं. ती प्रोसेसरच्या पोटात असेल तर तार लावायला जागाच नसते. ताई, मॉडेल सांगा.

देवगड_हापूस: पडवीत कित्याक ठेवतास? खाऱ्या वाऱ्याने माझ्या दोन लॅपटॉपचे चार्जिंगचे पोर्ट गंजले. रात्री डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा, दर पंधरा दिवसांनी पुड्या उन्हात टाकायच्या.

तारकर्लीची_सून: गंजायला लॅपटॉप उरलाय कुठे! मॉडेल बिलावर असेल, बिल शोधतेय. पिन 4 आकडी आहे, दहा हजार वेळा टाकून पाहिला तर?

कुडाळ_रिपेअर: तशी भीती नाही. चुकीचे पिन होत गेले की टीपीएम अडवतो. मला काळजी वेगळीच आहे. 48 आकडी रिकव्हरी की, म्हणजे पिनशिवाय डिस्क उघडणारी किल्ली, कुठे आहे?

तारकर्लीची_सून: दुकानदाराने छापून दिली होती. हरवू नये म्हणून लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात, वॉरंटी कार्डाच्या मागे ठेवली होती.

कुडाळ_रिपेअर: आणि बॅग?

तारकर्लीची_सून: तीही गेली.

कुडाळ_रिपेअर: मग कोणाला काही फोडायचीच गरज नाही, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावायची आणि ते 48 आकडे टाकायचे. ती की आता लांबून बदलता येणार नाही. डिस्क उघडली असंच धरून चला. घरच्या फोनवरून मायक्रोसॉफ्ट आणि जीमेलचे पासवर्ड आधी बदला, सगळीकडून साइन आउट करा. बिलावरचा सीरियल नंबर घेऊन पोलीस ठाण्यात जा. पाहुण्यांना कळवा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगा.

अथांग_दापोली: इथून पुढे मास्क्ड आधारच घ्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात. व्हेराक्रिप्टचा मुद्दा मी सोडलेला नाही, पण की बॅगेत ठेवली तर कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही.

देवगड_हापूस: परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला 24 तासांत ऑनलाइन भरून द्यावी लागते. भरून झालं की पासपोर्टची प्रत लॅपटॉपवर कशाला ठेवायची? आमच्या वाडीत एकाने कपाटातल्या कागदी फाईलवरच भागवलंय, कुलूप लावून.

तारकर्लीची_सून: पासवर्ड बदलले. बिल मिळालं, मालवणला निघतेय. वहीत पाहुण्यांचे नंबर आहेत म्हणून पहिला फोन पुण्याच्या एका काकूंना लावला. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "कार्डाची पाठची बाजू, पत्त्याची, तीही होती का?" होती.