1992 ची पडझड: दोष बँक रिसीटचा की बदल्याचा?

रोखेबाजार

22 एप्रिल 1992 ला सेन्सेक्स 4,467 वर होता. दुसऱ्या दिवशी स्टेट बँकेतल्या तुटीची बातमी सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियात दिली. 28 एप्रिलला एका दिवसात 570 अंश, म्हणजे पावणेतेरा टक्के गेले आणि वर्षभरात निर्देशांक निम्म्याच्या खाली आला. या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा दलाल हर्षद मेहता आणि एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरच्या भावापाशीच अडकते. माझ्या मते खरा बिघाड सरकारी रोख्यांच्या देवघेवीत होता. शेअर बाजार ही त्या साखळीची शेवटची कडी.

व्यवहार कसा चाले ते आधी पाहू. बँकांना ठेवींच्या 38.5 टक्के इतकी रक्कम प्रामुख्याने सरकारी रोख्यांत गुंतवून ठेवावी लागे. एखाद्या बँकेला रोख रकमेची गरज पडली की ती 'रेडी फॉरवर्ड' करी: आज रोखे विकायचे आणि समजा पंधरा दिवसांनी ठरलेल्या भावाने परत घ्यायचे. दोन भावांतला फरक हेच व्याज. रोखे कागदावर नसत. रिझर्व्ह बँकेच्या लोकऋण कार्यालयात प्रत्येक बँकेचं एसजीएल खातं, म्हणजे सरकारी रोख्यांचं नोंदखातं असे, तिथे नोंद फिरे. ही नोंद हाताने होई आणि बरीच मागे पडे. विकणाऱ्याच्या खात्यात शिल्लक नसेल तर रोखे वळते करण्याचा फॉर्म परत येई, पण त्याबद्दल दंड नव्हता. म्हणून बँका फॉर्मऐवजी बँक रिसीट, म्हणजे बीआर देऊ लागल्या: 'रोखे विकले, पैसे मिळाले, रोखे नंतर देऊ' असं सांगणारा एक कागद.

फट इथेच होती. दलाल दोन्ही बँकांशी वेगवेगळा व्यवहार करी, त्यामुळे समोरची बँक कोण हे एकीला ठाऊक नसे. बँकेच्या नावाने काढलेला चेक दलाल आपल्या खात्यात जमा करी आणि त्याची बँक तो 'प्रथेनुसार' स्वीकारी. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांनी तर हाती रोखे नसताना बीआर दिल्या. स्टेट बँकेने आपल्या वह्या लोकऋण कार्यालयाच्या शिलकेशी ताडून पाहिल्या तेव्हा सुमारे 500 कोटींची तफावत निघाली. ती भरायची तर मेहतांना पैसा मोकळा करायला हवा, आणि तो पैसा शेअर्समध्ये अडकलेला. रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने पुढे घोटाळ्याचा एकूण आकडा 4,024 कोटींच्या घरात मांडला.

ताळेबंद

यंत्रणेचं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. मार्च 1991 अखेर मुंबई शेअर बाजाराचं बाजारमूल्य सुमारे 90 हजार कोटी होतं, मार्च 1992 अखेर ते सव्वातीन लाख कोटींच्या आसपास गेलं. 4,000 कोटी म्हणजे त्याच्या सव्वा टक्का. तेवढ्या रकमेने बाजार साडेतीनपट होत नाही.

भाव चढण्यामागे दुसरी कारणं होती. जुलै 1991 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, मग 24 जुलैचा अर्थसंकल्प आला. सेन्सेक्सने 2,000 ओलांडले 15 जानेवारी 1992 ला, 3,000 फेब्रुवारीच्या 29 ला (अर्थसंकल्पाचाच दिवस) आणि 4,000 मार्चच्या 30 ला. अडीच महिन्यांत दुप्पट! कंपन्यांचा नफा त्या अडीच महिन्यांत दुप्पट झाला नव्हता. 'हा कारखाना आज नव्याने उभारायचा तर किती खर्च येईल' या हिशेबावर 200 रुपयांच्या एसीसीला 9,000 च्या आसपास भाव देणारे हजारो लोक होते. ही स्वतःच्या मर्जीने केलेली खरेदी होती.

आणि पडझड इतकी उभी का झाली? बदल्यामुळे, म्हणजे सौद्याचे पैसे न भरता तो व्याजावर पुढे ओढण्याच्या पद्धतीमुळे. त्यावर रोखेबाजार यांनी एक ओळही लिहिलेली नाही.

वलणपाक्षिक

ताळेबंद यांच्या शेवटच्या मुद्द्यात तपशील भरतो, कारण बदला नुसता ऐकून माहीत असलेलेच जास्त आहेत.

'अ' गटातल्या, म्हणजे मोठ्या उलाढालीच्या शेअर्सचं वलण (सौद्यांचा हिशेब चुकता करण्याची मुदत) चौदा दिवसांचं असे. वलण संपताना खरेदीदाराने पैसे द्यायचे किंवा सौदा पुढे ओढायचा. ओढायचा असेल तर बदलेवाला त्याच्या वतीने पैसे भरून माल उचले आणि पुढच्या वलणापर्यंतचं व्याज घेई. विकणारेच जास्त झाले तर उलटं, विकणारा माल उसना घेण्याचे पैसे मोजी. त्याला उंधा बदला म्हणत.

खरी गोम हवाला भावात. प्रत्येक वलणाला बाजार एक हवाला भाव ठरवी आणि सौदा त्या भावावर नव्याने बांधला जाई. समजा 100 शेअर 4,000 ने घेतले, म्हणजे 4 लाखांचा सौदा. हवाला भाव 3,500 ठरला तर 50 हजारांचा फरक रोख भरायचा, वर व्याज. पुढच्या वलणाला 3,000 झाला तर आणखी 50 हजार. तेजीत हाच फरक रोख हातात येतो आणि माणूस त्यावर आणखी 100 शेअर उचलतो. त्यामुळे चढ आणि उतार दोन्ही वाढत जातात. बदलेवाल्यांनी हात आखडला की व्याज चढतं, ते परवडेनासं झालं की सौदे कापावे लागतात, आणि सगळे एकाच वेळी कापायला निघाले की समोर घेणारा उरत नाही.

भाव पडेल या अंदाजाने हाती नसलेला माल विकणाऱ्या मंदीवाल्यांचं आदल्या तेजीत कंबरडं मोडलं होतं हेही लक्षात घ्या. पडत्या भावात आपला उधार विकलेला माल परत घेणारे तेच असतात. एप्रिलच्या शेवटी ते फारसे उरले नव्हते.

रोखेबाजार

वलणपाक्षिक, हे उत्तम लिहिलंत. पण बदल्याला लागणारा पैसा कुठून आला? एरवी वलणावलणाला सौदा कापावा लागला असता. बँकांचा पैसा पाठीशी असल्यामुळे पाचसहा शेअर्समधले सौदे महिनोन् महिने न कापता ओढता आले, आणि त्यातच मंदीवाले चेपले गेले.

ताळेबंद यांचा सव्वा टक्का फसवा आहे. बाजारमूल्य ही कोणी भरलेली रक्कम नसते, शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले सगळे शेअर्स इतकाच त्याचा अर्थ. प्रवर्तक आणि वित्तसंस्थांकडचा माल बाजारात येतच नसे. उरलेल्या फिरत्या मालात काहीशे कोटी घातले की भाव हलतो, आणि तो हललेला भाव सगळ्या शेअर्सना लागतो.

कलम_तीन

कारणांवर भांडताना परिणामांकडे कोणीच वळलं नाही. सामान्य माणसाचं सर्वांत लांबलेलं नुकसान भावाच्या घसरणीतून झालेलं नाही, ते कायद्यातून झालं.

6 जून 1992 ला विशेष न्यायालयाचा अध्यादेश निघाला. कलम 3 खाली एखादी व्यक्ती 'अधिसूचित' झाली की तिची सगळी मालमत्ता त्याच क्षणी जप्त. शेअर्स तेव्हा कागदी होते. प्रमाणपत्राला ट्रान्स्फर डीड जोडून तो गठ्ठा हातोहात विकला जाई, मधले खरेदीदार कंपनीकडे नोंदच करत नसत. त्यामुळे अधिसूचित दलालाकडून निघालेला शेअर चार हात फिरून एखाद्या शिक्षकाकडे आला आणि त्याने तो नावावर करायला पाठवला की कंपनी अडवून धरी. असे शेअर 'टेंटेड', म्हणजे बाधित ठरले. पूर्ण किंमत मोजलेल्या माणसाने कस्टोडियनकडे (जप्त मालमत्ता सांभाळणारा सरकारी अधिकारी) आणि विशेष न्यायालयात आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायचा. तोवर ना विक्री, ना लाभांश.

वसुलीचा क्रमही पाहा. कलम 11 नुसार आधी सरकारचे कर, मग बँका आणि वित्तसंस्था, शेवटी बाकीचे. प्राप्तिकराच्या मागण्याच इतक्या मोठ्या होत्या की शेवटच्या रांगेतल्यांच्या हाती फार काही लागण्याची शक्यता नव्हती. हे अन्यायकारक होतं आणि ते तसं म्हटलं गेलं पाहिजे.

ताळेबंद

कलम_तीन यांच्याशी पूर्ण सहमत. घोटाळा उघड झाल्यावर सरकारने वापरलेलं हत्यार बोथट होतं, हे एप्रिल ते जूनमधली घसरण लांबण्याचंही एक कारण आहे. आपल्याकडचा कागद उद्या बाधित ठरेल या भीतीने कोण खरेदी करेल?

पण मूळ वाद सोडत नाही. बदला धोकादायक होता याची कबुली शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीनेच दिली: डिसेंबर 1993 मध्ये बंदी, मग दोनएक वर्षांनी सुधारित रूपात परवानगी, आणि मार्च 2001 च्या पडझडीनंतर जुलै 2001 मध्ये कायमचा बंद. तोवर बीआरचा प्रश्न मिटला होता, रेडी फॉरवर्डवर जून 1992 मध्येच कडक निर्बंध आले होते. तरीही 2001 मध्ये दलाल केतन पारेख यांच्या प्रकरणात बाजार पुन्हा तसाच कोसळला. समान धागा बदल्याचा आहे.

रोखेबाजार

2001 चं उदाहरण तुम्हीच काढलंत, तर ते पूर्ण सांगू. माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेच्या मुंबईतल्या मांडवी शाखेने पाठीशी पैसा नसताना पे ऑर्डर काढल्या. त्या बँक ऑफ इंडियात वटवून रक्कम उचलली गेली, आणि 137 कोटींच्या पे ऑर्डर परत आल्या. पे ऑर्डर म्हणजे बँकेचा शब्द, बीआर म्हणजेही बँकेचा शब्द. दोन्हीकडे लहान सहकारी बँक, दोन्हीकडे कागद आधी आणि पैसा नंतर.

रोख्यांच्या बाजूला हा रोग हटला तो 1995 मध्ये. एसजीएल खात्यात रोखे सरकताना त्याच वेळी पैसेही सरकले पाहिजेत अशी व्यवस्था रिझर्व्ह बँकेने आणली. दोन्ही नोंदी एकत्र झाल्याशिवाय व्यवहारच पुरा होत नाही, त्यामुळे दलालाच्या खात्यात चेक वळवायला मधला वेळच उरत नाही. पे ऑर्डरला असं कुलूप नव्हतं, म्हणून 2001 मध्ये पैसा तिथून गळला.

वलणपाक्षिक

रोखेबाजार, गळका पैसा शेवटी जाऊन थांबला कुठे? दोन्ही वेळा बदल्यात. 2001 नंतर उधारीची हौस वायद्यांकडे गेली, पण तिथे मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम आधी भरावी लागते आणि फरक चौदा दिवसांनी न होता रोजच्या रोज वळता होतो. 50 हजारांचा खड्डा साठायच्या आतच पहिल्या पाच हजारांना दलालाचा फोन येतो. 1992 मध्ये एवढी एक तरतूद असती तर बँकांचा पैसा गळूनही 28 एप्रिलची घसरण पावणेतेरा टक्क्यांची झाली नसती, असं माझं ठाम मत आहे.